पन्हळीवरचं कुंकू

आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. ते विकत आलं त्या दिवशी एकदा उच्चारलं गेलं, त्यानंतर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिला थरथरी म्हणतो.

हातभर लांबीची स्टीलची पन्हळ, तिच्या मागच्या टोकावर तिफणीला असतं तसं, पूड ओतायला नरसाळ्यासारखं एक चाडं, आणि खाली जड लोखंडी बैठक. बैठकीच्या पोटात विजेवर चालणारा चुंबक आहे. बटण फिरवलं की पन्हळ थरथरायला लागते आणि चाड्यातून पडलेली पूड हळूहळू पुढं सरकते. डोळ्यांना पन्हळ हललेली दिसत नाही, फक्त पूड चालताना दिसते. पन्हळीच्या पुढच्या टोकाखाली बाटल्यांचं गोल चक्र फिरत असतं. प्रत्येक बाटलीत चिमूट चिमूट पडत राहते, म्हणजे पिशवीभर मालात जे काही असेल ते सगळ्या बाटल्यांत सारखं उतरतं.

मी परभणीतल्या या खासगी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम करते. हळद, तिखट, बेसन, सोयाबीनची पेंड, जनावरांचं खाद्य असं काय काय आमच्याकडे तपासायला येतं. नमुना तयार करायचा आणि तपासायचा, हे माझं काम. घरचे म्हणतात, मी तापट आहे. मी म्हणते, जिचा दिवस पुड्यांबरोबर जातो तिला शिंकायची आणि चिडायची मुभा पाहिजे.

थरथरी यायच्या आधी आम्ही सगळं हातानं करायचो. जाड कागदावर पुडीचा ढीग घालायचा, तो चपटा करायचा, त्याचे चतकोर पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले बाजूला काढायचे आणि पुन्हा ढीग. पंखा बंद. उन्हाळ्यात घाम पुडीत पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायचा. त्यामुळं थरथरी आली तेव्हा मला सून घरात आल्यासारखा आनंद झाला, आणि सून आल्यावर होतं तसंच पहिल्या आठवड्यात तिच्याशी भांडणही झालं. बेसन टाकलं तर ती घुर्र करायची आणि बेसन जागचं हलायचं नाही. साखर टाकली तर साखर धावत सुटायची. मग कळलं की यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, प्रत्येक पुडीचा स्वभाव वेगळा. पेंड गरीब असते, सांगाल तशी चालते. तिखट हलकं आणि उडतं. हळद सगळ्यात हट्टी. चाड्यात गठ्ठा करून बसते आणि बसली की बसली. तिला थोडं थोडंच सोडावं लागतं, आणि सोडताना कुणाशी बोलायचं नाही.

खरं तर हादऱ्याचं शास्त्र मला आधीपासून माहीत होतं. माझं माहेर जिंतूरकडचं. शिकायला परभणीला यायची तेव्हा आई चिवड्याचा डबा द्यायची. एसटी परभणीला पोचेपर्यंत डब्यातले शेंगदाणे वर आलेले असायचे आणि तिखट-मीठ सगळं तळाला. वर्गातल्या मुली वरचा चिवडा खाऊन अळणी म्हणायच्या आणि तळाचा खाऊन बोंबलायच्या. हादरा बसला की बारीक ते खाली जातं, फटीत शिरतं आणि तिथून सवडीनं बाहेर येतं. हे मला जिंतूरच्या रस्त्यानं शिकवलं.

आता त्या वर्षीच्या दसऱ्याकडे येते.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. शेतकरी औतफाटा पुजतो, दुकानदार तराजू पुजतो, मग आम्ही काय पाप केलं? आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, रोज कपाळाला विभूती लावून येणारे. शिवभक्ताचं घर, पूजेत चालढकल नाही. आदल्या दिवशी सगळी यंत्रं पुसून लख्ख केली. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, पेढे वाटले. थरथरी तेव्हा नवीन होती आणि सरांची लाडकी. स्टीलवर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून त्यांनी ते पाण्यात कालवलं आणि पन्हळीच्या मागच्या उभ्या काठावर, बरोबर चाड्याखाली, पाची बोटं उठवली. छान दिसत होतं. मी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

दसऱ्याची सुटी झाली आणि आम्ही कामाला लागलो. नमुना सोडायच्या आधी पन्हळ पुसायची असते, तशी मी पुसली. ब्रश फिरवला, ओलं फडकं फिरवलं. फक्त कुंकू तेवढं सोडून. पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, ते आपोआप जाईल तेव्हा जातं. माझ्या आईनं पुसलं नसतं, सासूनं पुसलं नसतं, सरांनी तर नाहीच. कुंकू पुसणं हा शब्दसुद्धा आमच्याकडे बायका तोंडातून काढत नाहीत. त्यामुळं मी फडकं त्या पाच बोटांच्या कडेकडेनं फिरवलं आणि यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी पहिला नमुना हळदीचा होता. झरीहून एक बाई एसटीनं घेऊन आली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत जपून गुंडाळलेलं पाकीट. पाकीट माझ्या हातात देताना ती म्हणाली, "मॅडम, हळद माझीच हाय. शिजवली मी, वाळवली मी, दळली मी."

मी म्हटलं, "बरं. दोन दिवसांनी या."

ती लगेच गेली नाही. तिनं थोडक्यात सगळं सांगितलं, कारण मी विचारावं अशी वाट बघण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. नवरा वारल्यावर तिनं बचत गटाच्या मदतीनं हळद दळायची छोटी चक्की बसवली होती. चक्की दिराच्या अंगणात. जिंतूरचा एक व्यापारी दिवाळीपासून तिची हळद दुकानात ठेवायला तयार होता, पण तपासणीचा कागद पाहिजे म्हणाला होता. दिराचं म्हणणं, कागद नीट आला तर चालव, न्हाई तर चक्की विकून टाकू, अंगण मोकळं होईल.

"दीर गिऱ्हाईक बगायलाय आतापासूनच," ती म्हणाली. तक्रार करतेय असं वाटलं नाही. आज ऊन लय हाय म्हणावं, तसं म्हणाली.

हळद थरथरीवर सोडली, बाटल्यांत पडली, त्यातली एक बाटली घेऊन मी रंगाची तपासणी लावली. ही तपासणी सोपी आहे. पूड एका द्रावणात धुवायची, त्याचा थेंब पांढरा लेप दिलेल्या काचेच्या प्लेटवर लावायचा आणि प्लेट बरणीतल्या थोड्या द्रावणात उभी करून ठेवायची. द्रावण वर चढत जातं आणि पुडीतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. हळदीचे स्वतःचे पिवळे ठिपके ठरलेले असतात. त्याहून वेगळा ठिपका दिसला, तर तो रंग बाहेरचा.

पिवळ्या ठिपक्यांच्या वर एक गुलाबी ठिपका होता. लहान, पण स्पष्ट.

मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. इतक्या वर्षांत 'माझा माल शुद्ध आहे' म्हणणारे किती आले आणि गेले. भेसळ करणाऱ्याचा आवाज इतरांपेक्षा जास्त गोड असतो, हे मला पाठ झालेलं. ती बाई आली तेव्हा मी सरळ सांगितलं, "ताई, तुमच्या हळदीत बाहेरचा रंग निघाला."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी काय मिसळलं न्हाई, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणत असतील," ती म्हणाली. "पर मी न्हाई मिसळलं. परत बगा."

ओरडली असती तर मला बरं पडलं असतं, मीही ओरडले असते. ती स्टुलावर बसली, पिशवीतनं पाण्याची बाटली काढून दोन घोट प्याली आणि पुन्हा म्हणाली, "परत बगा. घरी अजून कुणाला सांगितलं न्हाई. तुमी परत बगूस्तोवर सांगत न्हाई." मला त्या क्षणी एवढंच कळलं की ही परत गेल्यावर त्या अंगणात तिला उभं राहायला जागा उरणार नाही. पाकिटात निम्मी हळद शिल्लक होती. मी ठेवून घेतली.

दुसऱ्यांदा हळद थरथरीवर सोडली. मधल्या दिवसांत तिच्यावरून सोयाबीनची पेंड गेली होती, पण पेंडीत रंग कोण शोधतो? प्लेट उभी केली. गुलाबी ठिपका आला, पण फिका.

मी दोन्ही प्लेटा खिडकीपाशी नेऊन बघितल्या. मनात म्हटलं, डोळे म्हातारे व्हायला लागले. तिसऱ्यांदा केलं. ठिपका आणखी फिका. आता मी चिडले. एकाच पाकिटातली हळद, एकच दळण. रंग मिसळला असेल तर तो सगळीकडे सारखा असायला हवा, त्यासाठी तर ती थरथरी घेतलीय. दरवेळी थोडा थोडा कमी होणारा रंग मिसळणारी ही कोण हुशार लागून गेली?

त्या दिवशी जेवणाच्या सुटीत डबा उघडला आणि माझं लक्ष मिठाच्या पुडीवर गेलं. मिठात तर रंग नसतोच. डबा तसाच ठेवून उठले. स्वयंपाकाचं साधं मीठ नवीन पिशवीतनं काढून चाड्यात ओतलं, थरथरीवर सोडलं, बाटलीत पडलेलं मीठ त्याच द्रावणात धुतलं आणि थेंब प्लेटवर लावला. शेजारी तिच्या पाकिटातली हळद यंत्रावर न घालता चमच्यानं काढून लावली.

हळदीला पिवळे ठिपके आले, बाकी काही नाही. मिठाला गुलाबी ठिपका आला.

मी थरथरीसमोर जाऊन उभी राहिले. पन्हळीच्या मागच्या काठावर सरांची पाच बोटं होती, पण आता त्यांच्या कडा झिजल्या होत्या. वाळलेलं कुंकू थरथरून थरथरून सुटत होतं, चाड्याखालच्या रबरी पट्टीच्या फटीत जाऊन बसत होतं आणि तिथून सवडीनं निघून पुढं चालत होतं. हळदीच्या पिवळ्यात ते कुणाला दिसणार? बाजारचं कुंकू, त्याला लालबुंद रंग मारलेला. हळदीचं घरचं कुंकू आता कोण करतं? जिंतूरच्या एसटीतला चिवड्याचा डबा मला तेव्हा आठवला आणि स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली.

सरांना बोलावलं. प्लेटा दाखवल्या, मीठ दाखवलं, मग पन्हळीकडे बोट केलं. सर पुढं झाले. त्यांनी आपला उजवा हात त्या ठशांवर, न टेकवता, वरून धरून बघितला. बोटं बरोबर जुळत होती.

"त्या बाईंना निकाल सांगितला होता?" त्यांनी विचारलं.

"सांगितला."

"कसा सांगितला?"

मी प्लेटा उचलायला लागले. तेही समजले.

मी फडकं ओलं करून आणलं. सर म्हणाले, "थांबा. पुसायचं नाही. धुवायचं." त्यांनी स्वतः स्क्रू काढून पन्हळ मोकळी केली, रबरी पट्टी ओढून काढली आणि पूजेच्या पितळी परातीत पन्हळ आडवी धरून तांब्यानं तिच्यावर पाणी सोडलं. फटीतनं लालसर पाणी किती वेळ येत राहिलं. हे सगळं त्यांनी मूर्ती पाण्यात शिरवावी तसं सावकाश केलं. नंतर ती परात अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी नेऊन ओतली. माझ्यातली घाईची बाई मनात म्हणत होती की नळाखाली धरलं असतं तर एव्हाना झालं असतं, पण मी परातीची दुसरी कड धरली.

त्यानंतर पन्हळ द्रावणानं धुतली, पुन्हा मीठ सोडलं. ठिपका नाही. पाकिटातली उरलेली हळद सोडली. पिवळे ठिपके, बस्स.

सरांनी तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सर दारातच उभे होते. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं की चूक आमची आहे, तुमची हळद शुद्ध आहे, आणि माफ करा. इतकं शिकलेल्या माणसाला इतक्या थोडक्या शब्दांत माफी मागताना मी आधी बघितलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि मान हलवली. मग मी तिला आत नेलं, प्लेटा ओळीनं मांडून दाखवल्या, कुंकू कुठं होतं ते दाखवलं.

ती वाकून बघत होती. "एवढंसं कुंकू?"

"एवढंसं."

"मंग दिसलं तवाच पुसलं का न्हाई?"

"पूजेचं होतं ना," मी म्हटलं. "कुंकू कसं पुसणार?"

हे बोलले आणि जीभ चावली. तिचं मोकळं कपाळ माझ्यासमोर हातभर अंतरावर होतं. लोखंडाच्या यंत्राचं कुंकू पुसायला आम्हा सगळ्यांचा हात धजला नव्हता. हिचं पुसायला कुणाचा हात थांबला असेल? मला लाज वाटली, माझ्या एकटीची नाही, सगळ्यांची.

ती मात्र रागावली नाही. तिनं विचारलं, "मंग आता कसं काढलं?"

"सरांनी धुतलं. पाणी घालून. लिंबाला ओतलं."

"पुसलं न्हाई?"

"नाही. धुतलं."

"बरं केलं," ती म्हणाली. आणि प्लेटांकडे बघत बसली. निकालाचा कागद घेऊन ती तिथूनच जिंतूरच्या गाडीनं गेली, घरी न जाता.

चक्की विकली गेली नाही. हे मला पुढच्या महिन्यात कळलं, जेव्हा ती तिखटाचा नमुना घेऊन आली. मग ती येतच राहिली. आली की थरथरीपाशी उभी राहून पूड चालताना बघायची. एकदा म्हणाली, "सुपात घोळल्यावानीच हाय की हे." मी म्हटलं, सुपाला वीजबिल येत नाही. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. मी सकाळीच पन्हळ, चाडं आणि रबरी पट्टी काढून धुऊन कपाटात कुलूपबंद केली. नुसती लोखंडी बैठक टेबलावर राहिली, तिला झेंडूची माळ घातली. सर म्हणाले, देव बैठकीतही असतो. आम्ही चार-पाच जण जमलो होतो आणि तेवढ्यात ती दिवाळीच्या दळणाचं पाकीट घेऊन दारात आली. आज पूजा आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. आत सगळे उभे दिसल्यावर ती दारातच थांबली, चपला काढून कडेला, भिंतीला लागून.

आमच्याकडे रीत अशी की ताट हातोहात फिरतं आणि हजर असलेला प्रत्येक जण यंत्राला कुंकू लावतो. सरांनी लावलं, मी लावलं, झाडणाऱ्या मावशींनी लावलं. ताट परत माझ्याकडे आलं. मी ते घेऊन दाराकडे गेले आणि तिच्यापुढं धरलं.

"मी?" ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मावशींकडे, मग सरांकडे. मावशींची नजर जमिनीवर. सर हात जोडून उभे होते, ते तसेच उभे राहिले. ताटात नारळ होता, ताट जड होतं. माझे हात भरून आले, पण मी ते मागं घेतलं नाही. मनात एकच चाललं होतं, बाई, मागं सरकू नको.

ती आत आली. करंगळीजवळचं बोट कुंकवात बुडवलं आणि बैठकीच्या कडेला, सगळ्यांत खाली, एक बोट ओढलं. मग जरा थांबून त्याच्या शेजारी दुसरं.

"हितं लावलं तर जात न्हाई ना हळदीत?" तिनं विचारलं.

"नाही जात," मी म्हटलं.

आरती झाली, पेढे वाटले, लोक आपापल्या टेबलाकडे गेले. तिला दुपारची झरीची गाडी गाठायची होती, म्हणून मी तिचं पाकीट नोंदवून घ्यायला घेतलं. ती सवयीनं पाकीट उघडायला पुढं झाली तेव्हा तिच्या बोटाचं टोक लाल दिसलं. मी नळाकडे हात केला. "ताई, तेवढा हात धुऊन घ्या. पाकीट फोडायचंय."

तिनं बोटाकडे बघितलं. मग हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या थोडा येळ," ती म्हणाली. "पाकीट तुमीच फोडा."

मी हातमोजे घातले आणि पाकीट फोडलं.